सेलर अकाउंट सस्पेंड होऊ नये म्हणून काय काय सांभाळायचं? दिवाळी तोंडावर आलीय, अनुभव असलेल्यांनी सांगा

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमचं सोलापुरात टॉवेल, नॅपकिन आणि चादरीचं दुकान आहे. दुकान वडिलांच्या नावावर, ऑनलाइनचं सगळं मी बघतो, त्यासाठी माझ्या नावाने वेगळं जीएसटी काढलंय, तीन वर्षं झाली. एरवी रोज चार-पाच ऑर्डरी, सणाला पंचवीस-तीसपर्यंत जातात. प्लॅटफॉर्मचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मेल बघितला. आमच्या जेकार्ड, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीच्या जोडीवर कुणीतरी 'माल अस्सल नाही' अशी तक्रार केलीय, ती लिस्टिंग बंद केलीय, या मालाची खरेदीची बिलं पाठवा, आणि अकाउंट धोक्यात आहे असं वर लाल अक्षरात. मला आधी रागच आला. ही चादर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातली आहे, मी शाळेत होतो तेव्हापासून वडील त्यांच्याकडून माल उचलतात, मागावरून उतरताना डोळ्यांनी बघितलेली चादर, ती खोटी कशी होईल?

अडचण अशी आहे की बिलं सगळी वडिलांच्या दुकानाच्या नावाने. माझ्या नावाने एकही नाही, कारण माल दुकानात येतो आणि त्यातला लागेल तेवढा मी ऑनलाइनला काढतो. त्यात मार्चमधला एक लॉट तर नुसत्या चिठ्ठीवर आला होता, नंतर पक्कं बिल घ्यायचं राहूनच गेलं.

ओळखीचा एक मुलगा म्हणतो पीडीएफमध्ये बिलावरचं नाव बदलून दे, दोन मिनिटांचं काम आहे, कोण बघतंय. दुसरा म्हणतो आईच्या नावाने आत्ताच अजून एक अकाउंट काढून ठेव, हे बंद पडलं की ते चालू. मला दोन्ही पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. पॅकिंगला दोन बायका ठेवल्यात, त्यांचा पगार यावरच निघतो. रात्री झोप लागंना झालीय. जे या सगळ्यातून गेलेत त्यांनी जरा सविस्तर सांगा.

नीता_डोंबिवली

दादा, बाकीचं सगळं नंतर, पीडीएफला हात लावू नका. कळकळीने सांगते.

माझं कुर्त्यांचं अकाउंट होतं, चांगलं चाललेलं. असाच मेल आला, बिलं मागितली. माझ्याकडे खरं बिल होतं, खऱ्या व्यापाऱ्याचं, फक्त ते चौदा महिने जुनं होतं आणि त्यांना वर्षाच्या आतलं हवं होतं. माझ्याकडे कामाला असलेल्या मुलाने मला न विचारता तारीख बदलून अपलोड केलं, त्याला वाटलं ताईचं काम होईल. त्यांनी बिलावरच्या नंबरवर फोन करून व्यापाऱ्याला विचारलं, बिल नंबर वाचून दाखवला, आणि तो बिचारा वही बघून खरं ते बोलला की हे बिल गेल्या वर्षीचं आहे. संपलं. मूळ तक्रार राहिली बाजूला, 'बनावट कागद दिला' हे कारण लागलं आणि ते अकाउंट आजपर्यंत परत मिळालेलं नाही. शेवटचं पेमेंटही कितीतरी दिवस अडकून पडलं होतं. जुनं बिल तसंच पाठवून 'हा माल त्या लॉटमधला आहे, त्यानंतर नवीन खरेदी नाही' असं खरं लिहिलं असतं तर निदान बोलायला जागा राहिली असती. त्या मुलाला मी काही बोलले नाही, त्याने चांगल्यासाठीच केलं होतं, पण आता कुठलाही कागद मी स्वतः बघितल्याशिवाय वर जात नाही.

दुसरं म्हणजे 'अस्सल नाही' हे शब्द ग्राहकाने लिहिलेच असतील असं नाही. रिटर्नचं कारण निवडताना, रिव्ह्यूमध्ये, चॅटमध्ये तो काहीही लिहितो, 'डुप्लिकेट वाटतंय', 'फोटोत वेगळं होतं', 'रंग गेला', आणि सिस्टीम ते उचलून त्या खान्यात टाकते. त्या चादरीचे गेल्या दोन-तीन महिन्यांतले सगळे रिटर्न आणि त्यांच्या कॉमेंट एकदा बसून वाचा. नेमकं काय खटकलंय ते कळल्याशिवाय उत्तर लिहायला बसू नका. आणि घाईत रोज एक अपील पाठवू नका. एकच पाठवा, पण पूर्ण.

करसल्ला_सांगली

मी हिशोबाची कामं करतो, आमच्याकडे ऑनलाइन विकणारे बरेच येतात आणि अकाउंट अडकलं म्हणून रडत येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं बिलातच असतं. माल चांगला असतो हो, कागद नसतो.

तुमच्या बाबतीत सरळ बघू. वडिलांचं दुकान एक जीएसटी नंबर, तुमचा दुसरा. कायद्याच्या नजरेत बाप-लेक वेगळे व्यापारी. म्हणजे दुकानातून माल तुमच्या ऑनलाइन धंद्यात येतो तेव्हा वडिलांनी तुमच्या नावाने टॅक्स इन्व्हॉइस फाडलंच पाहिजे, तुम्ही त्यावरच्या टॅक्सचं क्रेडिट घ्यायचं, म्हणजे तो आपल्या टॅक्समधून वजा करायचा, घरातून पैसा काही जात नाही. हे आजपासून सुरू करा, प्रत्येक गठ्ठ्याला. मागची तारीख टाकून बिल मात्र बनवू नका, नीताताईंनी सांगितलंच काय होतं ते. मागच्या मालाचं आणि त्या चिठ्ठीवरच्या लॉटचं कसं नीट करायचं ते सीएकडे बसून ठरवा, ते इथे दोन ओळीत सांगण्यासारखं नाही.

आत्ता काय पाठवायचं? कारखानदाराने वडिलांच्या दुकानाला दिलेली बिलं, जशीच्या तशी, पूर्ण पान, चारही कोपरे दिसतील अशी स्कॅन करून. सोबत दुकानाच्या लेटरहेडवर वडिलांच्या सहीचं पत्र, की हा माल आमच्या दुकानाने अमुक कारखान्यातून घेतला आणि मुलाच्या फर्मला विकायला दिला, दोन्ही जीएसटी नंबर लिहून. दुकानाच्या जीएसटीआर-२बीची, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीची, कॉपीही लावा. कारखानदाराने आपल्या जीएसटी रिटर्नमध्ये दाखवलेलं बिल तिथे दिसतं, म्हणजे बिल घरी बसून छापलेलं नाही हे समोरच्याला कळतं. हे चालेलच अशी खात्री मी देत नाही, पण खरं आहे आणि पडताळता येतं.

आता पुढच्यासाठी. बिलावर काय लिहिलंय ते कधी वाचलंय का तुम्ही? परवाच एका पोराचं बिल बघितलं, 'टेक्स्टाइल गुड्स, ४० नग', बस्स. आता ह्या ४० नगांत तुमची ६० बाय ९० ची जेकार्ड चादर आहे हे दूर बसलेल्या माणसाने कसं ओळखायचं? कारखानदाराला सांगा, चादर लिहा, माप लिहा, डिझाइन नंबर लिहा, आणि तोच डिझाइन नंबर तुम्ही लिस्टिंगमध्ये टाका. नगांची बेरीजसुद्धा बसली पाहिजे. वर्षात ११० जोड्या विकल्या आणि बिलं ४० जोड्यांची, तर उरलेल्या ७० कुठून आल्या हा प्रश्न येणारच. अॅमेझॉन गेल्या ३६५ दिवसांतली बिलं मागतं, त्यामुळे तेवढी तरी एका फोल्डरमध्ये तयार ठेवा, महिन्यावारी.

पत्ता. जीएसटी सर्टिफिकेट, बँक आणि अकाउंट तिन्हीकडे एकच नाव आणि एकच पत्ता, स्पेलिंगसकट. गोडाऊन बदललं की पंधरा दिवसांच्या आत जीएसटी पोर्टलवर दुरुस्ती घालायची असते, लोक वर्षभर घालत नाहीत, मग व्हेरिफिकेशनला पत्र जुन्या पत्त्यावर जातं. जीएसटीचे रिटर्नही वेळेत भरा. सलग सहा महिने भरले नाहीत तर नंबरच रद्द होऊ शकतो, आणि नंबर रद्द झाला की अकाउंट कुठल्याही तक्रारीशिवाय थांबतं. जाता जाता, प्लॅटफॉर्म आपल्या पेमेंटमधून जीएसटीपोटी जो टीसीएस कापतो तो १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर आलाय आणि इन्कम टॅक्सचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून १ वरून ०.१ वर, हे कापलेले पैसे दर महिन्याला जुळवत चला आणि परत घ्या. ते जुळवताना विक्रीतली तफावत आपोआप सापडते, नोटीस यायच्या आधी.

माग_आणि_धागा

मीपण सोलापूरचाच, आमच्या घरी माग होते, आता नाहीत. भाऊ, त्या ग्राहकावर रागावू नका. पानिपतचा माल 'सोलापुरी चादर' म्हणून इतका विकला गेलाय की माणूस एकदा फसला की पुढच्या खऱ्या चादरीकडेही संशयाने बघतो. आपलं नाव असं खराब होतंय याचंच वाईट वाटतं.

सोलापूर चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. म्हणजे हे नाव कुणीही कुठल्याही मालाला लावायचं नाही. तुमच्या कारखानदाराला विचारा की ते जीआयचे नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ते आहेत का. असतील तर सर्टिफिकेटची कॉपी घ्या, आणि 'ही फर्म आमचा माल ऑनलाइन विकते' असं एक पत्र त्यांच्या लेटरहेडवर घ्या. नसतील तर त्यांना नोंदणी करायला लावा, एकदा झाली की दहा वर्षं चालते. नुसत्या खरेदी बिलापेक्षा असं पत्र जास्त उपयोगी पडतं, कारण त्यात परवानगी दिसते.

आणि लिस्टिंगचे फोटो बदला. बहुतेक जण घडी घातलेल्या चादरीचा वरून एक फोटो टाकतात. चादर उलटी करून कोपरा दुमडून फोटो काढा. विणलेल्या नक्षीची उलटी बाजू रंग अदलाबदल होऊन दिसते, छापील चादर मागून फिकी पडते. ओळखणाऱ्याला तेवढं पुरतं. काठावर शिवलेलं लेबल, त्यावरचं कारखान्याचं नाव, वजन काट्यावर ठेवून, असे फोटो टाका. 'पहिल्या धुण्याला थोडा रंग जाईल, वेगळी धुवा' हे मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत लिहा. रंग गेला की लोक डुप्लिकेट म्हणतात, हे आम्ही दुकानात आयुष्यभर ऐकलंय.

मसाले_सातारा

बिलाचं झालं, आता रोजच्या कामाचं बोलतो, कारण एका तक्रारीने अकाउंट जात नाही सहसा, आधीच आकडे घसरलेले असतात आणि तक्रार निमित्त होते.

अॅमेझॉनचे आकडे जाहीर आहेत म्हणून तेच सांगतो, बाकी ठिकाणी थोडं कमीजास्त. ऑर्डर डिफेक्ट रेट, म्हणजे तक्रार झालेल्या ऑर्डरींचं प्रमाण, १ टक्क्याच्या आत, ६० दिवसांचा हिशोब. उशिरा पाठवलेल्या ऑर्डरी ४ टक्क्यांच्या आत. आपण रद्द केलेल्या २.५ टक्क्यांच्या आत. अकाउंट हेल्थचा स्कोअर २०० च्या वर हिरवा, १०० ते १९९ पिवळा, त्याखाली लाल. छोट्या माणसाला हा १ टक्का फार जड जातो हे लक्षात घ्या. समजा ६० दिवसांत तुमच्या १५० ऑर्डरी झाल्या, दोन जणांनी एक-एक स्टार दिला, की १.३ टक्के झाले. हजार ऑर्डरीवाल्याला त्याच दोन तक्रारी जाणवतही नाहीत. म्हणून आपल्यासारख्याने एकेक ऑर्डर जपायची, पर्याय नाही.

टॉवेल-चादरीत खरा घात होतो तो रिटर्नच्या मालाने. माझ्या मेहुण्याचं नॅपकिनचं काम होतं. रिटर्न आलं की पाकीट फोडून वरून बघायचं, घडी नीट दिसली की परत नवीन पिशवीत. एकदा मीच तिथे बसलो होतो, एक पाकीट उघडलं तर घडी दुकानासारखी कडक, पण नाकाजवळ नेलं तर साबणाचा वास, आणि मधल्या घडीत लांब केस. कुणीतरी वापरून, धुऊन, इस्त्री करून परत पाठवलेलं. ते तसंच पुढच्या ग्राहकाला गेलं असतं आणि तो 'वापरलेला माल नवीन म्हणून विकला' लिहिणार, तो आरोप अकाउंटला फार वाईट लागतो. म्हणून नियम करा, रिटर्न आलेलं ऑनलाइनला परत जाणारच नाही. दुकानात वेगळ्या टोपलीत ठेवा, सांगून स्वस्तात विका. आणि उघडताना व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरुवात करून, सलग, न थांबवता. क्लेम करायला तोच उपयोगी पडतो.

पिकअपच्या पोराने पार्सल नेलं म्हणजे गेलं असं नाही, त्याने स्कॅन केलं तर गेलं. आमच्याकडे एकदा शनिवारी चौदा पार्सलं नेली आणि सोमवारी हबला स्कॅन केली, चौदाच्या चौदा उशिरा पडली. तेव्हापासून समोर स्कॅन झाल्याशिवाय पोतं द्यायचं नाही, आणि यादीवर सही.

मसाल्याला एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी नंबर लागतो, तसं तुम्हाला पाकिटावर एमआरपी, नग, माप, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कस्टमर केअर आणि मूळ देश हे सगळं छापलेलं पाहिजे, आणि महिना-वर्ष सोडून तेच स्क्रीनवरही. दोन्हीकडे वेगळी एमआरपी असली तरी लिस्टिंग उडते.

आणि पाकिटात 'पाच स्टार द्या, ५० रुपये परत मिळवा' अशी चिठ्ठी टाकत असाल तर आजच बंद करा. भावकीतल्यांना रिव्ह्यू लिहायला लावणंही बंद. २०२० च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक संरक्षण नियमांतही हे स्पष्ट आहे की विक्रेत्याने ग्राहक बनून रिव्ह्यू टाकायचा नाही.

टॉवेलवाला_सोलापूर

सगळ्यांचे खूप आभार. मसालेवाले काका, तुमचं रिटर्नचं वाचलं आणि खाली गोडाऊनला जाऊन बघितलं. तेच. आमच्याकडे रिटर्नचा माल पॅकिंगच्या टेबलाखाली एका खोक्यात पडतो आणि घाईच्या दिवशी त्यातूनच उचलला जातो. कॉमेंट वाचल्या नीताताई, चादरीवर पाच रिटर्न आहेत, त्यातल्या दोघांनी 'लेबल कापलेलं होतं' लिहिलंय. लेबल कापलेली चादर म्हणजे कुणीतरी वापरून परत केलेली, आम्ही ती पुढे पाठवली. ग्राहकाला लेबल दिसलं नाही म्हणून डुप्लिकेट वाटली. चूक माझीच आहे.

मग अपीलमध्ये हे कबूल करायचं का? की नुसती बिलं द्यायची? आणि आईच्या नावाचं अकाउंट, त्याबद्दल कुणी बोललं नाही.

नीता_डोंबिवली

कबूल करा. त्यांना तीन गोष्टी वाचायच्या असतात, काय चुकलं, त्यावर आत्ता काय केलं, आणि परत होऊ नये म्हणून काय बदललं. 'आम्ही वीस वर्षं प्रामाणिक धंदा करतोय' वगैरे लिहू नका, खरं असलं तरी. लेबल कापलेले नग विक्रीतून काढले, किती काढले तो आकडा, अमुक तारखेपासून रिटर्न वेगळ्या जागी, पॅकिंगच्या आधी लेबल तपासून सही करणारी व्यक्ती कोण, त्या जागेचा फोटो. त्या दोन ग्राहकांचे पैसे परत गेलेत का तेही बघा, गेले नसतील तर आधी ते करा. एका पानाच्या वर जाऊ नका.

लाकडीखेळणी_कोथरूड

दुसऱ्या अकाउंटचं मी सांगतो, माझ्या चुलतभावाचं झालंय. त्याचं पहिलं अकाउंट थांबलं, त्याने वहिनींच्या नावाने काढलं. पॅन वेगळा, जीएसटी वेगळं, बँक वेगळी, पण लॅपटॉप तोच, घरचं वायफाय तेच, पिकअपचा पत्ता तोच आणि फोटोही तेच उचलून टाकले. एकोणीस दिवसांत नवीन बंद, आणि कारण काय तर 'बंद असलेल्या अकाउंटशी संबंधित'. जुन्याचं अपील चालू होतं तेही त्यामुळे बिघडलं. तुमचं पहिलं अजून जिवंत आहे, ते आधी वाचवा.

हेच बाहेरच्या माणसाकडून अकाउंट चालवून घेण्याबद्दल. तो एकाच कॉम्प्युटरवरून वीस जणांची अकाउंटं उघडतो, त्यातलं एक बुडालं की बाकीच्यांवर शिंतोडे. द्यायचंच असेल तर आपला पासवर्ड आणि ओटीपी देऊ नका, वेगळा युजर बनवून लागेल तेवढीच परवानगी द्या. आणि अशी अडचण कुणाला कळली की फोन सुरू होतात, 'आम्ही कंपनीतून बोलतोय, अकाउंट चालू करून देतो, फी भरा'. कुणालाही पैसे देऊ नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन.

टॉवेलवाला_सोलापूर

सहा दिवसांनी लिहितोय. शुक्रवारी संध्याकाळी एकच अपील पाठवलं. कारखानदाराची सात बिलं, वडिलांचं पत्र, २बीची कॉपी, आणि चुकीची कबुली. मार्चचा चिठ्ठीवरचा लॉट मी त्यात मोजलाच नाही, त्यातल्या उरलेल्या अकरा जोड्या ऑनलाइनमधून काढून दुकानात लावल्या, त्याचं सीएंशी बोलणं चालू आहे. वडील आधी चिडले, घरातल्या घरात कसलं बिल म्हणाले, मग करसल्ला दादांचं लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा बिल बुक काढलं आणि पहिलं बिल माझ्या नावाने त्यांनीच हाताने लिहिलं, माप आणि डिझाइन नंबर घालून.

आज सकाळी उत्तर आलं. लिस्टिंग अजून बंदच आहे, कारखान्याचं अधिकारपत्र मागितलंय, पण अकाउंटवरची लाल पट्टी गेलीय. माग_आणि_धागा भाऊ, तुम्ही म्हणालात ते पत्र त्यांनी खरंच मागितलं. कारखानदार अण्णांशी बोललो, ते अधिकृत वापरकर्ते आहेत, सर्टिफिकेट ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावलंय, आमचं लक्षच नव्हतं कधी. उद्या सकाळी जाऊन कॉपी आणि पत्र आणतो.

गोडाऊनला रिटर्नसाठी वेगळं कपाट केलंय, किल्ली आईकडे. आणखी एक विचारायचं होतं, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजाची मिरवणूक असते, रस्ते बंद, त्या दोन-तीन दिवसांत पिकअप येतच नाही. दर वर्षी उशिराचा आकडा तिथेच वाढतो.

मसाले_सातारा

आधीच सुट्टी टाकून ठेवा. मिरवणुकीच्या आदल्या दिवसापासून सुट्टी सेट करा, पण सुट्टी लागायच्या आदल्या रात्रीपर्यंत आलेल्या ऑर्डरी त्यात धरल्या जात नाहीत, त्या आधी काढाव्या लागतात. मी सातारला तीन दिवस सुट्टी असेल तर दोन दिवस आधीच पाठवायचा वेळ एक दिवसाने वाढवून ठेवतो.